पान अर्धवट उघडतं, सबमिट दाबलं की चक्र फिरत राहतं: विंडोज नवीन टाकायच्या आधी हे पहा

ताई, तुम्ही विचारलं ते आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे ज्यांचं असंच होऊन राहिलं त्यांनाही समजेल. मानेवाड्याला तुमचं ऑनलाइन फॉर्म भरायचं आणि झेरॉक्सचं दुकान, दोन कॉम्प्युटर, केबलवाल्याची एक फायबर लाइन. गुगल उघडतं, यूट्यूब मस्त चालतं, पण फॉर्म भरायच्या साइट कधी पांढऱ्याफट्ट येतात, कधी नुसती अक्षरं येतात, रंग नाही डिझाइन नाही, आणि कधी सगळं नीट दिसतं पण फोटो अपलोड करून सबमिट दाबलं की चक्र फिरतच राहतं. तीच साइट मोबाइलच्या डेटावर पटकन उघडते. शेजारच्या भाऊंनी सांगितलं की विंडोज नवीन टाका.

नका टाकू. एक पूर्ण दिवस जाईल, प्रिंटर-स्कॅनर आणि अंगठ्याच्या मशीनचे ड्रायव्हर परत शोधत बसाल, आणि खोट लाइनमध्ये असली तर संध्याकाळी परत तेच पांढरं पान समोर. मी नागपुरात दुकानं, क्लासेस, सीएंची छोटी ऑफिसं यांचं हेच काम वर्षानुवर्षं करतोय आणि सगळ्यात जास्त वेळ कुठे वाया जातो ते पाहिलं तर लोक घाबरून पाच गोष्टी एकदम करतात, कॅशे (ब्राउझरने साठवलेल्या साइटच्या जुन्या फाइली) उडवला, अँटिव्हायरस काढला, राउटर रिसेट मारला, डीएनएस (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधणारी सेवा) बदलला, आणि मग चाललं तरी कशाने चाललं ते कोणालाच माहीत नसतं, पुढच्या आठवड्यात परत पहिल्यापासून सुरू. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि साइट उघडून पहा. एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

आता "उघडत नाही" म्हणजे नेमकं काय ते पहा, कारण त्यात तीन अगदी वेगळ्या गोष्टी येतात. एक, ब्राउझर स्वतःच करड्या रंगाचं पान दाखवतो, साइट सापडली नाही, कनेक्शनला फार वेळ लागला वगैरे, म्हणजे तुम्ही साइटपर्यंत पोचलाच नाही. दोन, साइटपर्यंत पोचलात पण तिने उत्तरात नकार दिला, ४०४, ५००, ५०२, ५०३, ५०४ असले आकडे. तीन, पान आलं पण मोडकं आलं. तुमचं तिसऱ्यातलं आहे, आणि सबमिटवर अडकतं त्यात पहिल्याचाही थोडा भाग आहे, तो पुढे सांगतो.

५०० च्या पुढचे आकडे आले तर तुमच्या दुकानात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं. ५०२, ५०३, ५०४ म्हणजे तिकडचा सर्व्हर पडलाय, थकलाय किंवा त्याच्या मागच्या दुसऱ्या सर्व्हरकडून वेळेत उत्तर येत नाही, शेवटच्या तारखेला हे हमखास होतं. तेव्हा रिफ्रेशवर रिफ्रेश मारू नका, स्क्रीनशॉट काढा ज्यात खाली तारीख-वेळ दिसेल, तो ज्याचा फॉर्म भरताय त्या पोराच्या किंवा पोरीच्या मोबाइलवर पाठवून द्या, आणि रात्री उशिरा नाहीतर सकाळी लवकर परत भरा. फी भरताना पान अडकलं तर अजिबात रिफ्रेश करू नका आणि बॅकही दाबू नका, आधी बँकेचा मेसेज आला का ते पहा, पैसे कटले असतील तर नवीन टॅबमध्ये लॉगिन करून पेमेंट स्टेटस पहा. दोनदा फी कटली की ती परत मिळायला त्या घरच्यांना किती चकरा माराव्या लागतात ते तुम्हीही पाहिलं असेलच.

आता खोट कॉम्प्युटरमध्ये का लाइनमध्ये हे दोन मिनिटात ठरतं. तुमचा मोबाइल घ्या, डेटा बंद करा, दुकानाच्या वायफायला लावा आणि तीच साइट उघडा. तुम्ही मोबाइलच्या डेटावर पाहिलं ते बरोबरच केलं, पण त्यातून फक्त एवढंच कळतं की साइट जिवंत आहे. वायफायवर मोबाइलमध्येही अडकली तर लाइन, राउटर नाहीतर डीएनएस. वायफायवर मोबाइलमध्ये चालली आणि कॉम्प्युटरवर नाही तर कॉम्प्युटर. मग उलटंही करा, मोबाइलचा डेटा परत चालू करा आणि त्याचं हॉटस्पॉट चालू करून कॉम्प्युटर त्यावर लावा, तिथे साइट चालली तर खोट लाइनकडे. डेस्कटॉपला वायफाय नसेल तर केबलने यूएसबी टेदरिंग करा, अँड्रॉइड फोनवर चालतं.

कॉम्प्युटरकडे बोट गेलं तर कंट्रोल, शिफ्ट आणि एन दाबून इन्कॉग्निटो उघडा. त्यात एक्स्टेन्शन (ब्राउझरला वरून जोडलेले छोटे प्रोग्राम) आपोआप बंद असतात, जुन्या कुकी (साइटने लॉगिन वगैरे लक्षात ठेवायला ब्राउझरमध्ये ठेवलेल्या नोंदी) नसतात, जुना कॅशेही वापरला जात नाही. तिथे साइट नीट चालली म्हणजे विंडोज, लाइन, राउटर सगळे निर्दोष, खोट त्या तिघांपैकी एकात. कुकीची खोट ओळखायची खूण म्हणजे लॉगिन केलं की परत लॉगिनचंच पान येतं, किंवा रीडायरेक्ट जास्त झाले असं लिहून येतं, किंवा ४०० चा आकडा आणि सोबत कुकी फार मोठी झाली असा मजकूर. त्यावेळी अ‍ॅड्रेस बारच्या डाव्या टोकाला जे चिन्ह असतं, पूर्वी कुलूप होतं आता क्रोममध्ये दोन छोट्या पट्ट्या दिसतात, त्यावर क्लिक करून फक्त त्या साइटचा डेटा काढा. सगळा इतिहास-पासवर्ड उडवायचा सल्ला लोक फार सहज देतात, मला तो पटत नाही, एका साइटसाठी बाकी पन्नास ठिकाणचं लॉगिन का घालवायचं.

आणि इथेच एक सांगतो, कारण दुकानात मी हे नेहमी पाहतो आणि मनाला लागतं. गिऱ्हाइकाचं लॉगिन साध्या विंडोमध्ये करू नका, प्रत्येकासाठी इन्कॉग्निटो उघडा आणि काम झालं की त्याच्या सगळ्या विंडो बंद करा. एकाचं आधार, डिजिलॉकर उघडं राहतं आणि पुढच्याच्या फॉर्ममध्ये मागच्याची माहिती येऊन बसते. त्यांनी तुमच्यावर विश्वास ठेवून ओटीपी सांगितलेला असतो. एकाच साइटवर सकाळपासून दहा जणांचं लॉगिन झालं की कुकींचा घोळ होतो आणि पान अडकतं, तेही याने थांबेल.

आता मोडकं पान का येतं ते. वेबपान म्हणजे एक फाइल नसते. मुख्य पान एचटीएमएल, दिसणं ठरवणारी सीएसएस, बटणं चालवणारी जावास्क्रिप्ट, वर फोटो, फॉन्ट, कॅप्चा, आणि यातल्या बऱ्याच फाइली वेगवेगळ्या सर्व्हरवरून येतात. सीएसएस आली नाही तर पांढऱ्यावर काळी अक्षरं आणि निळ्या लिंक, नुसती यादी असल्यासारखं पान दिसतं. जावास्क्रिप्ट आली नाही तर पान छान दिसतं पण बटण मेलेलं, जिल्हा निवडला तरी तालुक्याची यादी भरत नाही. आणि हल्लीच्या पुष्कळ साइट तर पूर्ण पानच जावास्क्रिप्टने बांधतात, तिथे ती फाइल अडली की पांढराफट्ट पडदा. तुमची तिन्ही लक्षणं एकाच गोष्टीची आहेत: कोणती तरी फाइल येता-जाता अडकते.

कोणती अडकते हे ब्राउझर स्वतः सांगतो, फक्त विचारावं लागतं. एफ १२ दाबा, वर नेटवर्क नावाचा टॅब आहे तो उघडा, डिसेबल कॅशे वर टिक करा आणि पान रिफ्रेश करा. एकेक फाइलची ओळ खाली येत जाईल. लाल ओळी पहा. घाबरायचं काही नाही, यात काही बिघडत नाही, नुसतं पाहायचं आहे. लाल ओळीत ४०४ असेल तर ती फाइल साइटवाल्यांकडेच नाही, त्यांची चूक. नाव सापडलं नाही असं असेल तर डीएनएस. पेंडिंग लिहून मिनिटभर तशीच पडून राहिली तर वाटेत अडतेय. आणि ब्लॉक्ड असं आलं, शेजारच्या कन्सोल टॅबमध्ये ब्लॉक्ड बाय क्लायंट दिसलं, तर क्लायंट म्हणजे तुमचाच ब्राउझर, साइटवाले नाही.

नंदनवनला एका झेरॉक्सवाल्या भाऊंकडे अगदी हेच होतं. कॅप्चाच्या जागी रिकामा चौकोन, बाकी फॉर्म पूर्ण. त्यांनी राउटर बदलला होता, नवीन रॅम टाकली होती, खर्च करून बसले होते. नेटवर्क टॅबमध्ये साठ-सत्तर ओळींत एकच लाल, ब्लॉक्ड. कोणीतरी जाहिराती अडवायचं एक्स्टेन्शन टाकून ठेवलं होतं आणि ते कॅप्चाची फाइल जाहिरात समजून अडवत होतं. त्या साइटपुरतं ते बंद केलं, रिफ्रेश, कॅप्चा हजर. जाहिराती अडवायला माझा विरोध नाही, पण फॉर्म भरायच्या कॉम्प्युटरवर एक ब्राउझर तरी कोरा ठेवा, एकही एक्स्टेन्शन नको.

आता तुमच्याकडे मला ज्याचा सगळ्यात जास्त संशय आहे त्यावर येतो, कारण "गुगल-यूट्यूब चालतं, फॉर्म अडकतो, मोबाइल डेटावर सगळं चालतं" हे वाचल्याबरोबर डोक्यात एमटीयू आलं. नेटवरून माहिती पॅकेट करून जाते आणि एका पॅकेटची साधारण कमाल मर्यादा १५०० बाइट असते, या मर्यादेलाच एमटीयू म्हणतात. पण बऱ्याच केबलवाल्यांच्या लाइनला युजरनेम-पासवर्ड टाकून डायल करावं लागतं, त्याला पीपीपीओई म्हणतात, त्यात ८ बाइट त्याच्याच कामात जातात आणि उरतात १४९२. कॉम्प्युटर १५०० चं पॅकेट पाठवतो, वर शिक्का असतो की याचे तुकडे करू नका. मधल्या यंत्राने तेव्हा उलटा निरोप द्यायला हवा की बाबा छोटं पाठव, पण कुठे तरी कोणी सिक्युरिटीच्या नावाखाली तो निरोपच बंद करून ठेवलेला असतो. मग मोठा ट्रक इतवारीच्या गल्लीत शिरून अडकावा आणि मागच्याला कोणी सांगूच नये तसं होतं, लहान गाड्या निघून जातात, म्हणजे लॉगिनचं छोटं पान येतं, पण मोठी सीएसएस, जावास्क्रिप्ट येत नाही, आणि तुमच्याकडून जाणारा फोटो तर जातच नाही, चक्र फिरत राहतं.

मग गुगल-यूट्यूब काऊन चालतं? क्रोममधून ते बहुतेक क्विक नावाच्या वेगळ्या पद्धतीने जातं, ज्यात पॅकेट मुळातच लहान, १२०० बाइटच्या आसपासपासून सुरू होतात, म्हणून ते या गल्लीतून आरामात निघतात. त्यामुळे यूट्यूब चालतं म्हणजे लाइन ठणठणीत आहे हा लाइनवाल्यांचा युक्तिवाद मी मान्य करत नाही, आणि तुम्हीही करू नका.

तपासायचं असं. स्टार्टमध्ये सीएमडी टाइप करून काळी खिडकी उघडा. त्यात इंग्रजीत पिंग, मग स्पेस देऊन डॅश एफ, स्पेस, डॅश एल, स्पेस, १४७२, स्पेस आणि १.१.१.१ असं टाइप करून एंटर मारा. एफ आणि एल छोटे अक्षरातच. १४७२ मध्ये हेडरचे, म्हणजे पॅकेटवरच्या पत्त्याच्या मजकुराचे, २८ मिळवले की १५०० होतात. रिप्लाय आले तर एमटीयू ठीक आहे, हा विषय सोडून द्या. पॅकेटचे तुकडे करावे लागतील असा मेसेज आला, किंवा रिक्वेस्ट टाइम्ड आउट आलं, तर १४६४ टाकून पहा, म्हणजे १४९२. तेही नाही तर दहा-दहाने कमी करत जा, ज्या आकड्याला रिप्लाय सुरू होईल त्यात २८ मिळवा, तो साधारण तुमच्या लाइनचा एमटीयू. मग राउटरच्या सेटिंगमध्ये वॅन किंवा इंटरनेट असं पान असतं, तिथे एमटीयूचा रकाना असतो, तिथे तो आकडा टाका, सेव्ह करा, राउटर बंद-चालू करा. राउटर केबलवाल्याने लॉक केलेला असेल तर त्यालाच करायला लावा, दोन मिनिटाचं काम आहे.

एमटीयू ठीक निघाला तर डीएनएस पहा. साइटचं नाव आकड्यांच्या पत्त्यात बदलायचं काम तो करतो, आणि छोट्या लाइनवाल्यांचा डीएनएस सर्व्हर गर्दीच्या वेळी मान टाकतो. मुख्य साइटचं नाव सापडतं, पण फॉन्ट किंवा स्क्रिप्ट जिथून येते त्या दुसऱ्या सर्व्हरचं सापडत नाही, आणि पान मोडकं येतं. राउटरमध्ये किंवा विंडोजच्या नेटवर्क सेटिंगमध्ये ८.८.८.८ आणि १.१.१.१ टाकून पहा, पहिला गुगलचा, दुसरा क्लाउडफ्लेअरचा.

दोन कॉम्प्युटरपैकी एक जुना आहे असं तुम्ही लिहिलं, विंडोज ७ वाला. ताई, त्याचं वेगळं दुखणं आहे. विंडोज ७ आणि ८.१ साठी क्रोमची शेवटची आवृत्ती १०९, जानेवारी २०२३ ची. त्यानंतर कितीही अपडेट दाबा, पुढे जात नाही. काही नवीन साइटची जावास्क्रिप्ट त्याला समजत नाही, मग तो मुकाट्याने पांढरं पान दाखवतो, कन्सोलमध्ये मात्र सिंटॅक्स एररची लाल ओळ असते. त्याला फॉर्मच्या कामातून काढा, नुसता झेरॉक्स-प्रिंटला ठेवा. लोकांचे पासवर्ड आणि कागदपत्रं ज्यावर टाइप होतात तो कॉम्प्युटर सिक्युरिटी अपडेट मिळणाराच हवा, इथे मी तडजोड करत नाही.

त्याच कॉम्प्युटरवर सकाळी सगळ्याच साइटवर "तुमचं कनेक्शन खाजगी नाही" येतं म्हणता, तेही सोपं आहे. खाली उजवीकडे तारीख पहा. मदरबोर्डवरचा गोल सेल, सीआर २०३२, संपला की मेन स्विच बंद केल्यावर घड्याळ कित्येक वर्षं मागे जातं. प्रत्येक सुरक्षित साइटच्या सर्टिफिकेटला पासून-पर्यंत तारीख असते, कॉम्प्युटरला वाटतं हे सर्टिफिकेट तर अजून सुरूच झालं नाही. सेल बदला, बायोसमध्ये तारीख लावा, संपलं. पण तारीख बरोबर असून एखाद्याच साइटवर हा इशारा आला तर अ‍ॅडव्हान्स्ड दाबून पुढे जाऊ नका, बँकेच्या आणि पेमेंटच्या पानावर तर कधीच नाही.

दुपारी जास्त अडकतं आणि रात्री बरं चालतं हेही तुम्ही लिहिलं. एक तर दुपारी त्या साइटवर गर्दी असते. पण राउटर कुठे ठेवलाय ते पण पहा. घर-दुकानाचे बहुतेक राउटर ० ते ४० डिग्रीपर्यंत चालायला बनवलेले असतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४५ च्या वर जातं, मग टिनाच्या छताखाली, कपाटाच्या वर, इन्व्हर्टरला चिकटवून ठेवलेला राउटर तापून लटकणारच. खाली आणा, मोकळ्या हवेत ठेवा, पण कुलरच्या झोतात नको, पाण्याचे बारीक थेंब जातात.

बाकी लहानसहान. पावती किंवा हॉल तिकीट उघडतच नाही तेव्हा अ‍ॅड्रेस बारच्या उजवीकडे पॉप-अप अडवल्याचं छोटं चिन्ह पहा, त्या साइटला परवानगी द्या. रकाने एकमेकांवर चढले तर कंट्रोल आणि शून्य दाबा, झूम मूळ जागी येतो. एखादी जुनी साइट इंटरनेट एक्सप्लोररच (आयई) मागत असेल तर तो १५ जून २०२२ पासून बंद झालाय, त्याच्याऐवजी एजच्या सेटिंगमध्ये डिफॉल्ट ब्राउझर या भागात आयई मोड चालू करता येतो. मराठीच्या जागी भलतीच इंग्रजी अक्षरं दिसली तर ते पान युनिकोडच्या आधीच्या जुन्या फॉन्टमध्ये असतं किंवा ब्राउझरने एन्कोडिंग चुकीचं ओळखलेलं असतं, फायरफॉक्समध्ये व्ह्यू मेनूत टेक्स्ट एन्कोडिंग दुरुस्त करायचा पर्याय आहे, तो दाबून पहा, नाही झालं तर तो जुना फॉन्टच लागेल.

तर तुम्ही उद्या आधी मोबाइल वायफायवर लावून पहा, मग पिंग, मग एफ १२. लाइनवाल्याला फोन कराल तेव्हा "नेट स्लो आहे" असं म्हणू नका, तो राउटर बंद-चालू करा म्हणेल आणि फोन ठेवेल. त्याला सांगा, १४७२ चं पिंग जात नाही, अमुक आकड्याला जातं, पीपीपीओईचा एमटीयू दुरुस्त करा आणि एमएसएस क्लॅम्पिंग (पॅकेट आधीच लहान ठेवायला लावणारी राउटरची सोय) चालू आहे का पहा. हे शब्द ऐकले की तो तुमचा फोन बहुतेक वेळा टेक्निकलच्या माणसाकडे देतो. आणि मला नेटवर्क टॅबच्या लाल ओळींचा एक फोटो पाठवा, वरचा साइटचा पत्ता आणि स्टेटसचा रकाना दोन्ही दिसतील असा, गिऱ्हाइकाचं नाव-नंबर त्यात येऊ देऊ नका.